आधी विचारायला या

(कान टोचायचं एका खोलीचं दुकान. खुर्चीत बाप, त्याच्या कानावर दिवा धरून मुलगी.)

मुलगी: हात काढा म्हटलं ना. झाकून काय उपयोग? टम्म सुजलाय, रस्त्यावरून दिसत होता.

बाप: जरासं लागलंय.

मुलगी: जरासं? आणि हे आत काय घुसवलंय?

बाप: नळी. पाण्याच्या फिल्टरला लावतात ना, बारीक, ती. अर्ध्या इंचाचा पाइप घालायला मी काही वेडा नाही.

मुलगी: बाबा, तुम्ही कानात फिल्टरची नळी घातलीत.

बाप: घासून घेतली आधी. कड अजिबात ठेवली नाही. तुझ्याकडे येणाऱ्या पोरापोरींच्या कानात असतं तसंच की हे.

मुलगी: त्यांच्या कानात काच असते, नाहीतर चांगलं स्टील. आणि एवढं भोक व्हायला त्यांना वर्ष वर्ष लागतं. तुमचं लहानपणी टोचलेलं, सुई जाईल न जाईल एवढं. त्यात हे शिरलं कसं?

बाप: सांगतो, ओरडू नकोस. आधी स्टीलची काडी घातली, गुळगुळीत. मग तिच्यावर टेफ्लॉन टेप. नळाच्या आट्यांना गुंडाळतो ती पांढरी. नवीकोरी, हात धुऊन. थोडे थोडे दिवस जाऊ द्यायचे आणि एक फेरा वाढवायचा. कळतसुद्धा नव्हतं.

मुलगी: एक फेरा?

बाप: एकच. का, चुकलं?

मुलगी: नाही, तेच तर! ते बरोबर होतं. कितीतरी लोक तसंच करतात. कुणी शिकवलं तुम्हाला?

बाप: कोण शिकवणार? जन्म गेला नळ बसवण्यात.

मुलगी: मग दुखत नव्हतं, रक्त नव्हतं, सगळं सुरळीत चाललं होतं, तर ही अवदसा कुठून आठवली?

बाप: नळी परवा घातली. साबणाचं पाणी लावलं, पाइपला लावतो तसं. तरी जाईना. मग पकड घेतली.

मुलगी: पकड.

बाप: छोटी.

मुलगी: मी हात टेकले तुमच्यापुढे. भिंतीतला पाइप आहे का तो? मान हलवू नका, काढतेय मी. हळू. आली. आता आरशात बघा, आतली कातडी मागून उलटून बाहेर आलीय, ओठासारखी. दिसतंय?

बाप: आई गं.

मुलगी: आईला माहीत आहे का हे?

बाप: तिला गळू झालंय असं सांगितलंय.

मुलगी: धन्य आहे तुमची. अहो, कान ओढून मोठा करायचा नसतो, त्याला सवय लावायची असते. एका वेळी एकच नंबर, म्हणजे जाडीचं एकच माप वाढवायचं, मग दोनतीन महिने त्याला हातही लावायचा नाही. दुखलं की थांबायचं. ज्या दिवशी जोर लावावासा वाटतो, त्या दिवशी घालायचंच नाही. कालची पोरं येतात, ती निमूट ऐकतात माझं. बाहेर एवढी मोठी पाटी आहे, कान वाढवायचाय, आधी विचारायला या. आधी, बाबा!

बाप: वाचलीय पाटी. समोरच्या इमारतीत टाकीचं काम होतं, गच्चीवरून दिसते.

मुलगी: कधी होतं काम?

बाप: उन्हाळ्यात.

मुलगी: उन्हाळ्यात तुम्ही समोर होतात आणि रस्ता ओलांडून आला नाहीत?

बाप: काय म्हणून येणार? तुझ्या मामाकडे चारचौघांत मीच म्हणालो होतो, कॉलेज सोडून आमची मुलगी लोकांना भोकं पाडत बसलीय.

मुलगी: सगळे पोट धरून हसले होते.

बाप: मीही हसलो. लोकांच्या भिंतींना भोकं पाडून घर चालवलं आणि तुला हसलो. मग कुठल्या तोंडाने येऊ? म्हटलं, कानाचंच काम काढावं. गिऱ्हाइकाला तू हाकलणार नाहीस. गळती लागल्याशिवाय मलाही कुणी घरात घेत नाही, एवढंच मला ठाऊक.

मुलगी: म्हणून गळती करून घेतलीत.

बाप: असं नव्हतं करायचं. हळूहळूच चाललं होतं. एक नंबर नीट झाला असता, मग ऐटीत आलो असतो, पुढचा कुठला घालू म्हणून विचारायला. पण परवा तुझी आई फोनवर बोलत होती तुझ्याशी. दुकान दूर दुसऱ्या शहरात हलवतेयस म्हणे. विमानाने जायचं तिकडे. महिनाअखेरीला. खरं ना?

मुलगी: खरं आहे.

बाप: मग फेऱ्याफेऱ्याने कसं भागणार? त्याला दिवस लागतात.

मुलगी: डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? कानाची पाळी फाटली असती! टाके पडले असते. फोन करता येत नव्हता?

बाप: केला होता. उचलला नाहीस.

मुलगी: नाही उचलला. राग होता. अजून आहे, कान सुजला म्हणून तो गेलेला नाही.

बाप: असू दे. रागावूनच धू, पण तू धू.

मुलगी: मिठाचं पाणी आहे, झोंबेल. आता यात काही म्हणजे काही घालायचं नाही. काडी नाही, टेप नाही. सकाळ-संध्याकाळ असंच धुवायचं. ताप आला किंवा लाली गालाकडे सरकली, तर सरळ डॉक्टर गाठायचा. तिथेही गळू म्हणून सांगू नका.

बाप: आणि परत सुरू कधी करायचं?

मुलगी: हौस फिटली नाही अजून?

बाप: दुसरा कान शाबूत आहे.

मुलगी: बाबा.

बाप: बरं, राहिलं. झालं ना? निघतो मी. तुझी गिऱ्हाइकं खोळंबली असतील.

मुलगी: बसा. कापूस धरून ठेवायचाय, पाच मिनिटं.

बाप: धरला.

मुलगी: दाबू नका. नुसता धरा.

बाप: झाली असतील गं पाच.

मुलगी: मी सांगेन तेव्हा होतील.