तोंड उघडल्याची सजा

आमचं गाव मुरूमच्या अलीकडं, म्या तिथलीच लेक आन् तिथलीच सून, मालक सोलापूरला गिरणीत, घरी म्या, सासू आन् एक म्हैस, काय सांगू तुमाला, त्या म्हशीवरच आमचं सारं चालायचं. निजामाचं राज्य गेलं, मागनं आमी मुंबई राज्यात गेलो, त्याच साली पाटलाच्या गड्यानं ती आमच्या बांधावरून हाणत नेली आन् कोंडवाड्यात घातली, म्हणं पाटलाची ज्वारी खाल्ली. म्हैस गाभण, दिवस भरत आलेले, आत ना पाणी ना चारा. म्या दगडानं कुलूप फोडलं आन् म्हैस घरी आणली. व्हय, फोडलं. कोर्टातबी तेच सांगितलं.

खटला झाला. लोक म्हणले वकील लाव, म्या म्हणलं घडलं ते मला ठावं, वकिलाला काय ठावं. जज्जसाहेबानंबी म्हणलं, बाई, वकील न्हाय तर गवाहाला तूच सवाल कर. केला. गड्याला इचारलं, कुठल्या रानातली ज्वारी खाल्ली? तो म्हणला, हिरीवरच्या. म्या म्हणलं, तिथं तर औंदा तूर हाय. गडी साहेबाकडं बघाय लागला. साहेब मलाच म्हणले, पुरे. म्या म्हणलं, त्याला बोलू तर द्या. परत म्हणले, गप ऱ्हा. मंग म्या म्हणलं, साहेब, सवाल कर म्हणता आन् केला की गप ऱ्हा म्हणता, मंग मला हितं बोलीवलं कशाला?

एवढंच. शिवी न्हाय, काय न्हाय. कोर्टाचा अपमान केला म्हणले, दंड भर न्हायतर आत जा. सासू कनवटीला हात घालाय लागली, म्या तिचा हात धरला, म्हणलं आत्या, खरं बोलल्याचा दंड भरायचा न्हाय.

आत बसले. तिकडं म्हैस अडली, सासू थकलेली, एकलीच, काय करणार, रेडकू पोटातच गेलं. जेलातल्या शिपायानं सांगितलं मला. रडले न्हाय, निसती जळत बसले.

सुटल्यावर पुढची तारीख लागली, तलाठी आला, म्हणला त्या रानात तूरच हुती. म्हैस धरायलाच नको हुती म्हणून खटला खारीज. म्या इचारलं, मंग म्या आत बसले त्याचं काय? साहेब म्हणले, बाई, ते प्रकरण येगळं.

येगळं! अजूनबी आठवलं की माजं अंग पेटतं.

आता गावात कुणा बाईला समन्स आलं की ती माज्याकडं येती, बोलू का गप बसू इचारती. म्या म्हणते बोल, आतबी भाकरी मिळती. तुमी बसून ऐकलंत, लिवून घेतलंत, देव तुमाला उदंड औक्ष देवो. त्या साहेबाचं नाव मातर घालू नका, न्हायतर तुमालाबी आत घालतील. माजं घाला.