तू भाकरी थाप

बायको गेल्यापासून एकटाच जेवणारा आकाराम मिरजेच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत होता. शेजारी उंब्रजचे नाथाजी आणि शालूबाई हे नवरा-बायको बसले होते.

"जेवान पोटातनं लवकर फुडं सरकत न्हाई म्हणं. मऊ भात खायचा, त्योबी थोडा थोडा," नाथाजी म्हणाले.

"पलटणीत वाघावानी जेवत हुता. आता बाळाचा घास!"

"हास तू. पर भाकरी मला बंद हाय. तू का थापत न्हाईस?"

"तुमच्याम्होरं कशी खाऊ?"

"म्हंजे आजारी मी, आन वाळतीस तू?"

"वास आला की तुमी मागाल."

"मागीन की. तू देऊ नगंस. पर थाप."

"आन तुमी काय करनार?"

"तू जेव. मी बगत बसतो."

"आवं, लोकं हायती!"

आकारामचं नाव पुकारलं गेलं. तो जागचा हलला नाही.