दर सोमवारची गोळी

चिचगडच्या दवाखान्यात रुख्माबाई बीपीच्या गोळ्यांसाठी बसल्या होत्या. मागच्या बाकावर आफ्रिकेत शांतिसेनेची ड्यूटी करून परतलेला गुलशन फौजी आणि त्याची बायको दुर्गा बसली होती. रुख्माबाई वळल्या नाहीत, पण कान मागेच होते. दुर्गा हळूच नवऱ्याला विचारत होती.

“डाक्टरले काय सांगसाल?”

“चक्कर येते म्हनून.”

“बस? आन् सपनं?”

“फौजी मानूस सपनाले भेते, असं सांगू का?”

“कवापासून पडून राहिले?”

“तिकडं मलेरिया होऊ नये म्हनून दर सोमवारी गोली खाच लागे. तवापासून. गोली बंद होऊन दोन महिने झाले, सपनं काई बंद नाई झाले.”

“तिकडंच काऊन नाई सांगतलं?”

“संगचे पोट्टे हासले असते.”

“म्हनून एकलेच भायेर सपरीत निजता?”

“झोपेत हात उगारला होता मी. तुले लागला असता त?”

“आन् मी समजून राहिली होती का तुमाले माहा कंटाळा आला.”

“पागल हायेस का?”

“हावो ना. दोन महिने रडून राहिली.”

“दुर्गे… तूच सांग ना डाक्टरले.”

“मी तुमचा हात धरून बसीन. बोलसाल तुमीच. सपनंबी सांगसाल.”

“सांगतो.”

तेवढ्यात नर्सबाईंनी दारातून हाक मारली, “रुख्माबाई!”

रुख्माबाईंनी पदराने डोळे पुसले, पण त्या जागच्या उठल्या नाहीत.

“माहा बीपी कुठी पळून नाई चालला, बाई. आधी या दोघाइले जाऊ द्या.”