बुडालेला तांडेल

डहाणूत नरपडची रिक्षा भरायची होती. माझ्या बाजूला बहीणभाऊ, बहिणीच्या मांडीवर जाडजूड नवी कादंबरी.

"शेवटी आला दुसरा भाग! बाबा नाचतील, वेणूताई."

"नयन, गलबत हाकणारा तांडेल पहिल्याच पानावर बुडतो."

"मग उरलेली सहाशे पानं?"

"दरबारातली भांडणं."

"पहिल्या भागात तो वादळात शिरला, तेव्हापासून बाबा थांबलेत."

"त्याच वर्षी आपला धाकटा सुरज बोट घेऊन गेला. बाबा म्हणतात, आधी तांडेल परतेल, मग सुरज."

"बाबांना आता दिसत नाही. वाचताना वाचव की त्याला."

"वाचवला तर उद्यापासून बाबा किनाऱ्यावर जाऊन बसतील."

"मग बुडव."

"तू वाच."

"माझा आवाज सुरजसारखा आहे, ताई."

बहिणीने कादंबरी पिशवीत कोंबली.

"पुस्तक आलंच नाही म्हणू, ताई."

"दुकानदाराने त्यांना फोन केलाय. सकाळीच सुरजची गादी उन्हात टाकायला लावली. वर मला म्हणाले, येताना सुरज धरून चौघांना पुरेल असा रावस आण."

"वेडे झालेत बाबा. तू काय केलंस?"

"अख्खा घेतला. डोकं सुरजला लागतं ना."