शून्याला आवाज

लावता का पैज? शेवट वळखून दाखवा, माझी ही टोपी तुमची! नाय जमायचं... आवो, आमच्या घरात भूत निघालं अन् आळ आला माझ्यावर! आता लोकांच्या चपला लपवल्या, मान्य, व्याह्याच्या गादीत बेडूक सोडला, तेबी मान्य, पण तुम्हाला सांगतो, त्या डब्याला मी बोट लावलं नव्हतं!

डबा नातीचा. हर्षाली, आमच्या भारतची पोरगी, नाशकात इंजनेरीला. लॉकडाऊनात कॉलेज बंद, म्हणून शेवटच्या परीक्षेचा डबा घेऊन आली निफाडला. कंपूटर आकडे पाठवतो, डबा त्या आकड्यांची वीज करतो, ती स्पीकरात जाती अन् आवाज निघतो. म्हटलं, "अन् आकडाच नाय दिला तर?" म्हणे, "शून्य म्हंजे गप, आबा!"

सोमवारी सर मोबाईलवर बघणार, पास झाली तरच सातपूरच्या कंपनीत नोकरी. अन् शुक्रवारी, भर बाराच्या उन्हात, शून्य दिलेलं, अन् डबा... हूंऽऽऽ... थांबला... परत हूंऽऽ... अंगावर सर्रकन काटा! असं तोंड मिटून आमच्या घरात कोण गुणगुणायचं, माहितीये? कुसा. माझी बायको. कार्तिकात वारली.

पोरगी माझ्यावरच! "आबा, खरं सांगा, वायर हलवली?"

"तुझ्या आजीची शप्पत!"

"तिची तर तुम्ही रोज खायचे!"

डब्यातले ते रंगीत पट्ट्यांचे बारके नग, डाळीएवढे, तिनं एकेक काढून मोजले, चिप बदलली, सरांना फोन लावला. सर काय म्हणाले? "नीट तपासा!" हे तर मी बिनपगारी सांगितलं असतं! डबा परत चालू केला, परत हूंऽऽ... शून्य म्हंजे गप ना? मग बोलतंय कोण?

रविवारी तिनं घराच्या अर्थिंगच्या वायरीचा माग काढला. भिंतीतून मागच्या दारी, अर्थिंगच्या खड्ड्याकडं, अन् वायर शिरली कुठं? शेंदराच्या धोंड्याखाली! "हा उचला." तर आशा, माझी सून, आडवी. "हात लावशील तर! आत्याबाईंचा म्हसोबा हे तो. त्या गेल्या, पाणी कोण घालत नाय, म्हणून बोलतोय!" भारत म्हणे, "आईच्या देवाला मी शिवायचो नाय." पोरगी रडकुंडीला... रात्र मधी, सकाळी परीक्षा!

बोलावं लागलं हो. "म्हसोबा नाय तो. मीच आणलाय धोंडा, नदीतून."

झालं असं, वायरमन सांगून गेलता, खड्ड्यात मीठ-कोळसा भरलाय, रोज पाणी घाला, वल राहिली पायजे, सुकला की चुकार वीज जमिनीत उतरत नाय, यंत्रं गुणगुणत्यात, झटके देत्यात. कुसा म्हणे, "वायरीला कोण पाणी पाजतं? मला दुसरी कामं नाय?" मग मी धोंड्याला शेंदूर फासला अन् बोंब ठोकली, देव निघाला! सोळा वर्सं घातलं तिनं, अनवाणी, गुणगुणत... अन् मी दाराआड तोंड दाबून हसायचो.

सांगून झालं. म्हटलं आता हसतील. कोण हसंना. आशा म्हणे, "मामा... सोळा वर्सं?"

पोरगी म्हणाली, "आबा, घाला पाणी."

गेलो अनवाणी. पहिला तांब्या वतला... खिडकीतून हूंऽऽऽ... दुसरा... आवाज बारीक, लांब, जसं कोण बांधाबांधानं पल्याड निघालंय, मागं न बघता... तिसऱ्याला बंद. आतून पोरगी वरडली, "शून्य! आबा, शून्य आलं!"

पास झाली, नोकरीला लागली. डबा मी मागून ठेवून घेतला, तिला म्हटलं, आठवण म्हणून. चालूच असतो. उन्हाळ्याची वल टिकत नाय, सकाळी चहाच्या टायमाला कोपऱ्यातून येतंय... हूंऽऽ... शून्य म्हंजे गप कुठलं! वाटतं, बसावं ऐकत. पण पाणी नाय घातलं की फ्रीज झटका देतो, आशा वरडती, "मामा, तांब्या!"

मग काय, उठतो. लोकांची बायको एकदा जाती. माझी मीच रोज घालवतो... तीन तांब्यांत.