कुंकवाचं बोट

माहेर माझं खर्डीकडं, रानाला लागून, आणि दिली मुरबाडला. इथं आल्यावर लावणी केली, गवत कापलं, इटभट्टीवर राबले, मंग गुडघे बोलायला लागले तसं माझी नणंद सुगंधा, आमच्याच गावात दिलेली, ती म्हणाली वयनी, कंपनीत चल गो, सावलीत काम हाय. सावली हाय खरी, खोटं कशाला बोलू. पत्र्याच्या बिजागऱ्या दाबायच्या, प्रेस मशीनवर, त्या परदेशातल्या मोठ्या कंपनीला जातात, तिथल्या लोकांच्या कपाटांना लागतात म्हणे. आमच्या घरात कपाट नाय, काय सांगू तुमाला.

त्या मशीनला दोन बटणं असतात ताई. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, तवाच वरचा ठोकळा खाली येतो, म्हंजे हात मधे राहायलाच नको. बनवणाऱ्यानं इचार करून बनवलंय, त्येचं भलं होवो. पण आमचा सुपरवायझर एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवायचा, मंग डाव्या हातानं दुसरं दाबा, उजव्यानं पत्रा सरकवा, माल भराभर निघतो. आमी बोललो, नाय असं नाय, पण ठेकेदार म्हणायचा गेट उघडं हाय, जा. जाणार कुठं? शेजारच्या कंपनीत पण माणसं तोच मेला पुरवतो.

सुगंधाचा उजवा हात सापडला. मधलं बोट गेलं आणि त्येच्या बाजूचं, कुंकवाचं. गाडीतून दवाखान्यात न्हेली आणि तिथं ठेकेदारानंच सांगून टाकलं, बाईला घरी लागलंय. झालं. तिला मंग झाडू मारायला ठेवली, उपकार केल्यासारखी. ती रडली नाय हो जास्त, पण एकच धरून बसली, वयनी, माझी बोटं कंपनीत गेली एवढं कुणीतरी कबूल करा, आणि ती पट्टी काढा, नायतर उद्या तुझा हात जाईल. माझाच, कारण तिच्या मशीनवर मला बसवली होती.

आता त्या परदेशातल्या कंपनीची एक मॅडम येते अधनंमधनं, कामगारांना त्रास नाय ना बघायला. ती येणार म्हटलं की आमाला हातमोजे, कानाला बोळे, चहाबरोबर बिस्किट. पट्ट्या निघतात. पट्टीचा चिकट डाग राहतो, तो आमीच आदल्या दिवशी रॉकेलनं घासून काढतो, पाव्हणी येणार म्हणून घर सारवावं तसं. आणि दारात औक्षण, कुंकू. ह्या वेळी आमच्या कंपनीचा सायब म्हणाला, जुन्या बायका उभ्या करा, फोटो बरा येतो. सुगंधाला मात्र सांगितलं, तू घरी रहा.

मंग आमी पण ठरवलं. सुगंधा आमच्यातच मिसळून आली, हात पदराखाली. मॅडम दारात आली तसं मी ताट सुगंधाच्या पुढं धरलं. तिनं पदर सोडला आणि करंगळीनं कुंकू लावलं, सावकाश, तो हात असा मॅडमच्या डोळ्यांपुढं. मॅडम दचकली. हात धरला तिचा, काहीतरी इचारलं. सुगंधा म्हणाली मशीन, मशीन, आणि माझ्या मशीनकडं बोट दाखवलं. अहो, समजलं तिला! सरळ मशीनकडं चालत गेली, मला वाटलं आता सुटलो.

तिनं एक बटण दाबलं. ठोकळा हललाच नाय. मंग दोन्ही हातांनी दाबली, तवा आला. तिनं मान डोलावली. पट्टी नाय, डाग नाय, मशीन अगदी साळसूद. मी ओरडत होते चिकटपट्टी, चिकटपट्टी, पण ते तिला काय कळणार, आणि सायबानं हसत हसत मूठ धरून विळा फिरवून दाखवला, भात कापताना लागलं म्हणे. अरे मेल्या, विळा उजव्या हातात धरतात, कापेल तर डावा! पण तिनं कुठं भात कापलंय? डोळ्यांत पाणी आणून तिनं सुगंधाचे दोन्ही हात धरले, फोटो काढला, गेली.

तो फोटो आता गेटच्या आत लावलाय, मोठा, काचेत. सुगंधाला त्या गेटातून दुसऱ्या दिवसापासनं आत घेतलं नाय. पट्टी तर मॅडमची गाडी वळायच्या आतच परत चिकटली. ठेकेदाराला नाय भीती आणि सायबाला नाय लाज, आणि आमी आता कुणाला दाखवायचं, मॅडमनं तर सोताच्या हातानं दाबून बघितलंय. मी जाते रोज त्याच मशीनवर. निघताना कुंकू लावते आणि आरशात कपाळ नाय बघत, बोट बघते.

तुमी लिहा ताई, फक्त आमची नावं बदला. लिहून काय व्हायचं नाय, पण लिहा. देव तुमची दहाही बोटं नीट ठेवो.