दादाचा जीव आणि गाडीचा अलार्म

ही म्हातारी गाडी मी भंगारात का देत नाही, असं विचारता ना? ऐका.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. साहेबी थाटाची, कातडी सीटांची, पण दादाने घेतली तेव्हाच जुनी. काचा अर्ध्यात अडकायच्या आणि अलार्म मनाला येईल तेव्हा बोंबलायचा.

दादाच्या दहाव्याला मुलुंडला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळा खाली उतरला की शेजारी उभ्या गाडीचा अलार्म वाजायचा आणि कावळा उडायचा. वहिनी रडकुंडीला आली.

"अहो, पोरीचं शिक्षण पुरं करीन."

अलार्म.

"आईंना अंतर देणार नाही."

पुन्हा अलार्म.

मामा म्हणाले, "जीव अडकलाय रे त्याचा कशात तरी."

मी गुपचूप जाऊन बॅटरीची वायर काढली. परत येतोय तोच वहिनी म्हणाली, "अहो, गाडी विकणार नाही. भाऊजी चालवतील!"

कावळा शिवला. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, ग्रीसने काळे झालेले.

तेव्हापासून चालवतोय. वायरचं वहिनीला सांगितलं, तर ती लगेच म्हणेल, "मग विका की, भाऊजी!"

म्हणून सांगत नाही.